कुजबूज तिला ऐकू येत नाही

नाकाडोंगरीच्या माय-बहिणींनो, आणि भावांनो, तुम्हीसुद्धा. हा बायकांचा विषय आहे असं म्हणून उठून जाऊ नका. तुमच्याच घरातल्या पोरीबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे मुलीला पाळीची माहिती कशी मिळते, ते जरा आठवून पाहा. समोर बसवून कुणी सांगत नाही. माय शेजारणीशी दाराआड बोलत असते, त्यातलं काहीबाही पोरीच्या कानावर पडतं. मोठी बहीण देवापुढे जायचं टाळते आणि आजी 'तिला अडचण आहे' असं पुटपुटते. शाळेत मधल्या सुट्टीत मैत्रिणी एकमेकींच्या कानाला लागतात. अर्धवट का असेना, चुकीचं का असेना, पहिली पाळी येण्याआधी मुलीला काहीतरी कळलेलं असतं. पिढ्यान् पिढ्या हे ज्ञान कुजबुजीतूनच चालत आलं आहे.

आता जिला ऐकूच येत नाही, तिचा विचार करा.

बहिरी मुलगी डोळ्यांनी ऐकते. समोरच्याचे ओठ, चेहरा आणि हात यांवर तिची सगळी भिस्त. चहा झाला, पाहुणे आले, बाबा रागावले, हे ती तुमच्या नुसत्या हालचालीवरून ओळखते. पण पाळीचा विषय निघाला की आपण काय करतो? तोंड फिरवतो, पदर तोंडावर घेतो, अंधाऱ्या कोपऱ्यात जातो. म्हणजे तिला कळण्याच्या जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या सगळ्या आपण आपल्या हातांनी बुजवतो. घरात कपडा वाळतो तोही साडीच्या खाली लपवलेला, म्हणून तोही तिला दिसत नाही. आणि मग बाराव्या-तेराव्या वर्षी एका सकाळी तिच्या कपड्यांवर रक्त दिसतं. कुठे लागलं? कशानं फाटलं? आपण मरणार का? कुणाला विचारायचं, आणि कोणत्या खुणेनं? 'पाळी' ही खूणच तिला कुणी शिकवलेली नाही.

ही भीती मी रंगवून सांगत नाही. मे 2023 मध्ये उल्हासनगरात 12 वर्षांच्या एका मुलीच्या कपड्यांवर रक्ताचे डाग दिसले. तिची ती पहिलीच पाळी होती. हे काय आहे ते तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, त्यामुळे सांगता आलं नाही. सख्ख्या मोठ्या भावानं भलताच संशय घेतला आणि मार मार मारलं. ती पोर गेली. तिला कान होते, तोंड होतं, सभोवार आख्खं शहर होतं. तरी तिच्याकडे एक वाक्य नव्हतं, आणि भावाकडे एवढीशी माहिती नव्हती. मग नाकाडोंगरीच्या, चिखल्याच्या, गोबरवाहीच्या बहिऱ्या पोरीकडे काय असणार? म्हणून भावांना बाहेर जाऊ नका म्हणते. बहिणीला पाळी येते हे भावाला माहीत असणं ही तिच्या जिवाची गरज आहे.

आपला हा मुलूख बावनथडीच्या खोऱ्यातला, मध्य प्रदेशच्या सीमेला चिकटलेला. घरात पोवारी, पलीकडच्या टोल्यावर गोंडी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, म्हाताऱ्यांच्या तोंडी झाडीबोली. इतक्या भाषांत वावरणाऱ्या गावात बहिऱ्या मुलीच्या वाट्याला मात्र एकही भाषा पुरती येत नाही. बहुतेक बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे घरात सांकेतिक भाषा कुणालाच येत नसते. पाणी, भाकर, झोप, चल, नको, अशा पंधरा-वीस घरगुती खुणांवर सगळा संसार चालतो. ज्यांना जमतं ते आईबाप मुलीला दूरच्या निवासी मूकबधिर शाळेत घालतात. तिथे तिला तिच्यासारख्या मुली भेटतात, हात बोलायला लागतात, आणि हे फार मोठं सुख आहे. पण सुट्टीत ती घरी आली की पुन्हा त्याच पंधरा-वीस खुणा. ज्या मुलींना शाळाच मिळाली नाही त्यांचं तर विचारूच नका. त्या रोवणीला, तेंदूपत्त्याला, मोहफुलं वेचायला आपल्याबरोबर येतात. राबतात सगळ्यांच्या बरोबरीनं आणि बोलतात कुणाशीच नाही.

आता दुखण्याबद्दल, कारण सगळ्यात मोठा अन्याय तिथे होतो.

पाळीत पोट दुखतं ते नाटक नसतं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर गळताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला पिळतात, रक्तवाहिन्या आवळतात, आणि ओटीपोटात कळा येतात. ज्या मुलींत ही द्रव्यं जास्त, त्यांना कळाही जास्त. काहींना उलटी होते, जुलाब होतात, कंबर आणि मांड्या भरून येतात, डोकं दुखतं. साधारणपणे पहिल्या पाळीनंतर सहा महिने ते वर्ष-दोन वर्षांत हे दुखणं सुरू होतं, आणि दर महिन्याला पहिला-दुसरा दिवस फार कठीण जातो. ऐकणारी मुलगी निदान 'माय, पोट दुखते वो' असं म्हणू शकते. बहिरी मुलगी पोट धरून बसते, जेवण ढकलून देते, चिडते, वस्तू फेकते, रडते. घरचे म्हणतात हट्टी आहे, तापट आहे. कुणी जंताचं औषध देतं, कुणी ओवा चारतं, कुणी दृष्ट काढतं, कुणी भगताकडे नेतं. दवाखान्यात नेलं तरी डॉक्टर तिच्याकडे न बघता मायला विचारतात आणि माय अंदाजानं सांगते. जिचं दुखतं तिला कुणी विचारतच नाही.

हे असंच चालू राहायचं काही कारण नाही. पाळीच्या साध्या दुखण्यावर उपाय आहेत आणि ते स्वस्तही आहेत. गरम पाण्याची पिशवी, नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ओटीपोटावर धरा. शेकानं खरंच उतार पडतो. थोडं चालणं-फिरणं चांगलं. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करते, म्हणून कळा असह्य होईपर्यंत थांबायचं नसतं. दुखायला लागल्याबरोबर, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यायची. दमा, पोटातला अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. 'गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही' ही निव्वळ अफवा आहे, ती ऐकाल तिथे खोडून काढा. 'लग्न झाल्यावर आपोआप थांबतं' असं म्हणून कोवळ्या पोरीला सोसायला लावणं तर क्रूरच आहे.

पण काही दुखणी साधी नसतात. तासा-तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांच्या वर रक्त जात असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, गोळीनं उतार पडत नसेल, महिन्यागणिक दुखणं वाढत असेल, चक्कर येऊन मुलगी पडत असेल, तर तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नेलीच पाहिजे. पंधरा वर्षं पुरी होऊनही पाळी आली नसेल तरीही न्या. आणि पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, असं असेल तर अजिबात वेळ घालवू नका. क्वचित एखाद्या मुलीच्या योनिमार्गाचं तोंड जन्मापासून बंद असतं आणि रक्त आतच साठत जातं. छोट्या शस्त्रक्रियेनं ती बरी होते. पण तिला सांगता येत नाही आणि आपण विचारत नाही, म्हणून ती पोर महिनोन् महिने तडफडत राहू शकते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची, ती म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे. केंद्र सरकारनं 1 जुलै 2023 ला शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली ती उगाच नाही. सिकलसेल असलेल्या काही मुलींना पाळीच्या सुमारालाच हातापायांत, छातीत, पोटात वेदनेचे झटके येतात. या आजारात काहींचं ऐकूही कमी होतं. म्हणजे एकाच पोरीच्या अंगावर तीन ओझी येऊ शकतात, आणि बाहेरून आपल्याला दिसतं फक्त तिचं रडणं. तिची सिकलसेलची तपासणी झाली आहे का? हिमोग्लोबिन किती आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. पण जी शाळेतच जात नाही तिला ती अंगणवाडीतून मिळते का, हे अंगणवाडीताईंना विचारा. (सिकलसेल असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यायची.)

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण बहिऱ्या पोरीला सांगायचं कसं? सांगायचं नाही, दाखवायचं.

पहिली पाळी यायच्या आधी, नवव्या-दहाव्या वर्षीच, दुपारच्या उजेडात तिला समोर बसवा. एक पॅड घ्या, एक स्वच्छ चड्डी घ्या. वाटीत पाण्यात कुंकू कालवा आणि ते पॅडवर ओता. पॅड कसं शोषून घेतं ते तिला बघू द्या, बोट लावू द्या. चड्डीला ते कसं चिकटवायचं, चार-सहा तासांनी कसं काढायचं, कागदात कसं गुंडाळायचं, हात कसे धुवायचे, हे तिच्या हातानं करवून घ्या. मग स्वतःकडे बोट दाखवा. ताईकडे दाखवा, काकूकडे, वर्गातल्या मॅडमकडे दाखवा. मलाही येतं, हिलाही येतं, सगळ्यांना येतं. आणि हे करताना तुमच्या चेहऱ्यावर हसू असू द्या. ती तुमचा चेहरा वाचते. तिथे किळस दिसली तर ती स्वतःच्या अंगाची किळस शिकेल, भीती दिसली तर भीती शिकेल.

भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग करा. पाळी आली त्या तारखेवर एक लाल टिकली चिकटवा. रक्त जाईल तितके दिवस रोज एक. पाळी थांबली की टिकली थांबली. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. दोन-तीन महिन्यांत तिच्या लक्षात येईल की हे येतं, जातं आणि परत येतं, ही जखम नव्हे आणि रोगही नव्हे. किशोरवयात 21 ते 45 दिवसांच्या अंतरानं पाळी येणं ठीकच मानतात, तेव्हा तारखा थोड्या मागेपुढे झाल्या म्हणून घाबरू नका. टिकलीच्या शेजारी तिलाच एक चेहरा काढू द्या. दुखत नसेल तर हसरा, थोडं दुखत असेल तर सरळ ओठांचा, फार दुखत असेल तर रडका. दवाखान्यात जाताना ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून बरोबर न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. त्या दिवशी पहिल्यांदा तुमची पोर स्वतःचं दुखणं स्वतः सांगेल. डॉक्टरांनीही थेट तिच्याकडे बघावं, मास्क खाली करावा, हातांनी विचारावं, चित्र काढून विचारावं.

मराठीत छापलेली पुस्तिका तिच्या हातात देऊन आपलं काम झालं असं समजू नका. जिनं मराठी कधी ऐकलीच नाही तिला वाचायची मराठीही परकी भाषा असते, अक्षरं ओळखता आली तरी अर्थ लागेलच असं नाही. तिची भाषा हातांची आहे. दिल्लीत 2015 साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्यांचा 10,000 शब्दांचा सांकेतिक कोश मोबाईलवर बघता येतो. गावातल्या पोरांच्या हातात दिवसभर मोबाईल असतो. घरातल्या एखाद्या पोरानं रोज रात्री पाच खुणा शिकून बहिणीला शिकवल्या तर वर्षभरात ते घर बोलायला लागेल.

रोवणीचे दिवस वेगळे सांगायला हवेत. दिवसभर बांधीच्या चिखलात, गुडघाभर पाण्यात, कमरेत वाकून परे लावायचे. आडोसा नाही, पॅड बदलायला जागा नाही, ओला कपडा तसाच अंगावर. मांड्या सोलवटतात, खाज सुटते, लघवीला जळजळ होते. या दिवसांत मुलीला दुपारी घरी जाऊ द्या. कपडा वापरत असाल तर साबणानं धुऊन कडक उन्हात, सगळ्यांना दिसेल असा वाळवा. कपड्यातले जंतू उन्हानं मरतात, अंधाऱ्या कोपऱ्यात वाढतात. जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक पॅड मिळतं, आशाताईंकडेही स्वस्तात मिळायला हवं. मिळत नसेल तर का मिळत नाही, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

हे सगळं करायला आपण कंटाळलो की काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 1994 च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढून टाकली गेली. कारण सांगितलं ते असं, की या मुलींना पाळीतली स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा ते थांबलं, पण तोवर 11 मुलींवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. शिकवायचे कष्ट नकोत म्हणून अवयवच कापून टाकला. दिव्यांग मुलीची पाळी ही 'कटकट' मानली की माणूस शेवटी इथे येऊन पोचतो. आणि जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून त्यांची तपासणी केली गेली. म्हणजे तीस वर्षांनीही आपण फार पुढे सरकलेलो नाही.

पण याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. शरीराबद्दल उघड लिहिलं म्हणून त्यांच्यावर खटले झाले, तरी 1953 पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी ते चालवलं. त्यांना जे छापून सांगायला जमलं, ते आपल्याला घरात हातांनी दाखवायला का जमू नये?

कायदा तुमच्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 25 मध्ये दिव्यांग स्त्रियांसाठीच्या प्रजनन आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे आणि त्यातली 'मैत्री' क्लिनिकं किशोरवयीन मुलामुलींसाठीच आहेत. बहिरी मुलगी तिथे गेली तर तिच्याशी बोलणार कोण, हे मात्र आपल्याला विचारावं लागेल. कुणी अंगाला हात लावला तर सांगता यावं म्हणूनही तिला आपल्या शरीराच्या खुणा यायला हव्यात. मुलांच्या लैंगिक संरक्षणाच्या 2012 च्या कायद्यात, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, अशा मुलीचा जबाब घेताना तिची भाषा जाणणाऱ्याची मदत घेण्याची सोय आहे. पण जिच्याकडे खूणच नाही तिचा जबाब कोण घेणार?

आणि पैसा? तोही आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी आणि 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. हा पैसा बहुतेक ठिकाणी मार्च महिन्यात घाईघाईनं कशावर तरी उडवला जातो. त्यातून सांकेतिक भाषा जाणणाऱ्या शिक्षिकेला वर्षातून चार वेळा गावात बोलावता येईल. मुलींना पॅड देता येतील, शाळेच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आणि नळाला पाणी आणता येईल.

दिवाळीत निवासी शाळेतल्या पोरी घरी येतात, आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार होते, पाळणे लागतात, सासरी गेलेल्या लेकी येतात. यंदाच्या मंडईत एक छोटा मांडव टाका. आशाताई, मॅडम आणि शाळेतून आलेल्या बहिऱ्या पोरी मिळून तिथे कुंकवाच्या पाण्याचा तो प्रयोग दाखवू देत. खुणा शिकवायला त्या पोरीच पुढे असू देत, कारण गावात हे काम त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच येत नाही.

त्याआधी ग्रामसभा आहे. तिथे तीन मागण्या मांडा. गावातल्या आणि टोल्यांवरच्या ऐकू न येणाऱ्या सगळ्या मुलींच्या घरी आशाताईंनी जावं, पण कुणाचंही नाव चारचौघांत वाचू नये. प्रत्येकीची हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणी तीन महिन्यांत व्हावी. दिव्यांग निधीतून सांकेतिक भाषेचा वर्ग याच वर्षी सुरू व्हावा. सचिव म्हणतील 'बघू'. 'बघू' नको, 'ठराव करा' म्हणा. तो इतिवृत्तात लिहून घ्या, वाचून घ्या, मगच सही करा. आणि त्या सभेला आपल्या बहिऱ्या पोरीला घेऊन या. तिला पहिल्या रांगेत, उजेडात बसवा, आणि सभेत जे बोललं जाईल ते तिला हातांनी सांगायला एक माणूस तिच्या समोर बसवा.